अनेक कामे, एक सेवा
(रेव्ह. बाबा पदमनजी यांच्या चरित्रावरून मंडळीसाठी धडा)

वाचावयाचे शास्त्रपाठ : नहेम्या ८:१–८, मत्तय ५:१४–१६, योहान ३:१–१५ व १९:३८–४२, १ करिंथ १२:४–११.



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी ईट येथील उपासना आटोपल्यावर मंडळी आपापल्या घरी गेली. आमचे बोधक मात्र ओट्यावर बसून राहिले. त्यांचा चेहरा उतरलेला पाहून आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, "पाळकसाहेब, आठवडाभर मी काय करतो ते आपण पाहताच. सकाळी मुलांची शिकवणी, दुपारी कोणाचा बँकेचा अर्ज, कोणाचे रेशनचे कागद, संध्याकाळी आजाऱ्यांची भेट, रात्री प्रार्थनासभा. आणि ह्यातून वेळ उरला तर साप्ताहिकासाठी मंडळीची बातमी लिहावयाची. घरची माणसे म्हणतात, एक ना धड, भाराभर चिंध्या! मलाही आता तसेच वाटू लागले आहे. शिकवणी व लिहिणे सोडून द्यावे आणि केवळ उपदेश करावा, असे मनात येते. आपले मत काय?"

हा प्रश्न सोपा नव्हता. त्यामागे थकलेल्या मनुष्याचे दुःख होते, म्हणून उत्तर देण्याची घाई आम्ही केली नाही. "भाऊ, पुढच्या रविवारी बोलू," एवढेच म्हणालो. घरी आल्यावर कपाटातून 'अरुणोदय' हे जुने पुस्तक काढले. हे रेव्ह. बाबा पदमनजी यांचे आत्मचरित्र होय. सेमिनरीत शिकत असताना आम्ही ते परीक्षेसाठी वाचले होते. ह्या वेळी बोधकांचा प्रश्न मनात धरून वाचले. त्या वाचनातून जे उत्तर सापडले ते ह्या धड्यात मांडीत आहो. कारण असा प्रश्न पडलेले बोधक, शिक्षक व शब्बाथशाळेच्या बाया अन्य गावांतही असतील, अशी आमची खात्री आहे.

१. आधी वाट पाडणारा एक

बाबांच्या आधी अशीच नाना प्रकारची कामे केलेल्या एका परदेशी सेवकाची ओळख करून घेऊ. कारण मराठी छापील पुस्तकांची वाट त्यानेच प्रथम पाडली. त्याचे नाव विल्यम केरी. त्याचा जन्म इंग्लंडात १७६१ साली झाला. तरुणपणी तो जोडे शिवीत असे; पुढे खेड्यातल्या मुलांस शिकवू लागला आणि बाप्टिस्ट मंडळीचा पाळक झाला. १७९३ साली तो बंगालात आला. पोटासाठी त्याने काही वर्षे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाचे काम केले. १८०० साली तो कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरास राहावयास गेला. हे श्रीरामपूर हुगळी नदीच्या काठचे होय; आपल्या अहमदनगरकडच्या श्रीरामपुराशी त्याचा घोटाळा करू नये. तेथे त्याने व त्याच्या सोबत्यांनी छापखाना चालविला. १८०१ पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी शिकवू लागला आणि बंगाली व संस्कृत ह्यांबरोबर मराठीही त्याच्याकडे आली.

मराठी शिकावयाला पुस्तक नव्हते, म्हणून वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने ते तयार केले. १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८१० साली मोडी अक्षरांत कोश आणि १८११ साली मराठी नवा करार, अशी पुस्तके श्रीरामपुराहून निघाली. १८१२ साली छापखान्यास आग लागली. कित्येक हस्तलिखिते व अक्षरांचे साचे जळून गेले. तरीही तो पुन्हा कामास लागला. १८१८ साली श्रीरामपूरच्या सेवकांनी 'समाचार दर्पण' हे बंगाली वर्तमानपत्र काढले व त्याच वर्षी कॉलेज स्थापिले. केरी १८३४ साली वारला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केरीने मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर बसून मराठी लिहिली. ती आपल्या इकडच्या लोकांस ओळखीची वाटली नाही. १८१३ साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांस शास्त्राचे भाषांतर नव्याने करावे लागले. परक्याने पुष्कळ केले. परंतु आईच्या तोंडून ऐकलेली भाषा लिहिणे त्याच्या हाती नव्हते. ते काम मराठी माणसाचेच होते. तशा माणसाचा जन्म केरी जिवंत असतानाच बेळगावी झाला.

२. रात्री येणारा शिष्य

बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ च्या मे महिन्यात बेळगावात एका कासार कुटुंबात झाला. घरात देवधर्म व सोवळेओवळे होते, परंतु वडिलांनी मुलास इंग्रजी विद्या शिकविली. बाबा प्रथम बेळगावच्या मिशन शाळेत आणि पुढे मुंबईस स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या शाळेत शिकले. ज्या काळात ते तरुण झाले तो काळ मोठ्या हालचालींचा होता. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा उघडली होती. १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली. दादोबा पांडुरंग हे तिच्या पुढाऱ्यांपैकी होते. जातिभेद नसावा व देव एकच मानावा, असे तिचे म्हणणे होते. नव्या सभासदाने जातिबंधन मोडल्याची खूण म्हणून सर्वांसमक्ष पाव खावा, अशी तिची रीत होती. पण हे "सर्व" म्हणजे दाराआड जमलेले सभासदच. सभेचे सारे काम गुप्तपणे चाले. बाहेर गेल्यावर प्रत्येक जण आपापल्या जातीच्या पंक्तीस पूर्ववत बसे.

बाबाही ह्या मंडळीत होते. आम्ही त्या सभेस हसत नाही. त्या दिवसांत एवढे पाऊल टाकावयासही छाती लागत असे. तथापि जे रात्री खरे, ते दिवसा खरे म्हणावयाची सोय नसेल, तर मनुष्याच्या मनाचे दोन तुकडे होतात. हा त्रास काय असतो, हे आपल्या खेड्यांतील कित्येक वाचकांस सांगावयास नको. निकदेम रात्री प्रभूकडे आला, ही कथा योहानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. आणि तोच निकदेम एकोणिसाव्या अध्यायात, बाकीचे शिष्य पांगले असता, दफनासाठी सुगंधी द्रव्ये घेऊन उघडपणे येतो. ह्या दोन अध्यायांमध्ये त्याच्या मनात काय झाले ते शास्त्र सांगत नाही. बाबांच्या बाबतीत मात्र ते 'अरुणोदया'त वाचावयास मिळते. शंका, वाचन, भय, घरच्यांची माया, पुन्हा शंका, असा तो लांबचा प्रवास आहे. अखेर ३ सप्टेंबर १८५४ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बेळगावात उघडपणे बाप्तिस्मा घेतला. घरच्यांस अपार दुःख झाले, आणि त्या दुःखाचा भार बाबांच्याही मनावर राहिला.

परमहंस मंडळीचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. सुमारे १८६० साली तिच्या सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटली आणि सभा मोडली. परंतु तिच्यातील काही सज्जनांनी १८६७ साली मुंबईस प्रार्थना समाज स्थापिला व आपली मते उजेडात मांडली. त्याच १८६७ साली बाबांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. वाटा निराळ्या झाल्या, पण दोघांनीही अंधाराचा आसरा सोडला. आमच्या मते बाबांच्या पुढील सर्व कामांची किल्ली येथेच आहे. एकदा गुप्ततेची घुसमट भोगलेल्या ह्या मनुष्याने उरलेले आयुष्य एकाच गोष्टीसाठी वेचले : जे खरे वाटते ते उघड आणि लोकांस कळेल अशा मराठीत मांडावे.

३. शाळेत व उपदेशपीठावर

बाप्तिस्म्यानंतर बाबा पुण्यास फ्री चर्च मिशनच्या शाळेत शिक्षक झाले. पाळकपणाची दीक्षा मिळेपर्यंत मध्ये तेरा वर्षे गेली. आपल्यापैकी काही जणांस शिकवणी म्हणजे उपदेशपीठाची पायरी वाटते; वर चढलो की पायरी विसरावयाची. बाबांच्या बाबतीत तसे झाले नाही. ह्याच वर्षांत त्यांनी आपली काही महत्त्वाची पुस्तके लिहिली आणि त्या पुस्तकांत शिक्षकाचा हात दिसतो. कठीण गोष्ट सोपी करावी, शब्दाचा अर्थ सांगावा, उदाहरण द्यावे, मग पुढे जावे, अशी त्यांची रीत आहे.

एज्रा शास्त्र्याने लोकांसमोर नियमशास्त्र वाचले, तेव्हा लेव्यांनी ते स्पष्ट करून त्याचा अर्थ लोकांस समजाविला, असे नहेम्याच्या आठव्या अध्यायात आहे. तेथे वाचणारा निराळा व समजाविणारे निराळे. तरी सेवा एकच. बाबा पाळक झाल्यावर पुण्याच्या मंडळीत वचन वाचीत व समजावीत. काही वर्षांनी ते त्या जागेवरून मोकळे झाले आणि मुंबईच्या ट्रॅक्ट व बायबल सोसायट्यांच्या संपादनाच्या कामी लागले. उपदेशपीठ सोडले म्हणून सेवा सुटली काय? नव्या करारावर त्यांनी मराठीत टीका लिहिली. जी मंडळी त्यांनी कधी पाहिली नाही, जेथे पाळकच नाही, अशा ठिकाणीही ती टीका त्यांच्या वतीने अर्थ सांगू लागली. उपदेशपीठावरून शब्द भिंतीपर्यंत पोहोचतो. छापलेला शब्द बैलगाडीने, पोस्टाने व फेरीवाल्या विक्रेत्याच्या झोळीतून पुढे गेला.

४. यमुनेची गोष्ट

१८५६ साली सरकारने विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा केला. कायदा झाला खरा. परंतु गावातल्या घरात बसलेल्या, केस उतरविलेल्या पोरीस त्याचा उपयोग काय? तिची हकिकत कोणी ऐकलीच नव्हती. पुढच्याच वर्षी, १८५७ साली, बाबांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. पुष्कळ अभ्यासक त्यास मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी मानतात.

त्यातील यमुना ही मिशनच्या शाळेत शिकलेली मुलगी. ती आपल्या पतीबरोबर, विनायकरावाबरोबर, प्रवासास निघते. जेथे मुक्काम होतो तेथे एखादी विधवा भेटते व तिचे दुःख ऐकावयास मिळते. पुढे विनायकराव मरण पावतो आणि ज्या दुःखाच्या कथा यमुनेने दुसऱ्यांच्या तोंडून ऐकल्या, ते तिच्याच वाट्यास येते. अखेरीस ती ख्रिस्ती होते व तिचा पुनर्विवाह होतो.

ह्या पुस्तकातील बोध ठिकठिकाणी गोष्टीच्या पुढे धावतो. तरी त्याचे मोल कमी नाही. बाबांनी विधवांच्या प्रश्नावर केवळ निबंध लिहिला असता, तर तो चार विद्वानांनी वाचला असता. त्यांनी गोष्ट लिहिली, कारण गोष्ट घरात जाते. पुरुष मोठ्याने वाचतो आणि चुलीपाशी बसलेली बाई ऐकते. पुण्यामुंबईत विधवाविवाहाच्या प्रसारासाठी विष्णुशास्त्री पंडित प्रभृतींनी १८६६ साली मंडळ काढले. पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदा सदन उघडले ते १८८९ साली. ह्या दोहोंच्या आधी यमुना वाचकांच्या घरी जाऊन आली होती. संस्था उभी राहण्यापूर्वी ज्याचे दुःख आहे त्याचे म्हणणे कोणीतरी ऐकून लिहून ठेवावे लागते. आमचे बोधक एखाद्या निराधार बाईचा अर्ज लिहितात, तेव्हा तेही हेच करीत नाहीत काय?

५. शब्दांची आटणी

आता एका रुक्ष वाटणाऱ्या कामाकडे वळू. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला, आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तिच्यात सुमारे ६०,००० शब्द होते. ग्रंथ फार मोठा. तो शाळेतल्या पोराने विकत घ्यावा कसा? बाबांनी त्याचा संक्षेप केला व तो १८६३ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १८६० साली समानार्थी शब्दांचा संग्रह 'शब्दरत्नावली' ह्या नावाने त्यांनी काढला होता.

आमच्या भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत. ज्याने खवा होताना पाहिला आहे त्यास हे काम ताबडतोब कळेल. कढईत दूध ओतले की कालथा थांबविता येत नाही. जाळ मोठा झाला तर दूध करपते, हात थांबला तर तळाला लागते. तासभर ढवळून मूठभर खवा निघतो, आणि पेढा खाणाराच्या मनात त्या ढवळणाऱ्या हाताचा विचार येत नाही. कोश आटविणाऱ्याचेही तसेच आहे. कोणता शब्द ठेवावा, कोणता गाळावा, कोणत्या अर्थास जागा द्यावी, हे एकेका शब्दाशी बसून ठरवावे लागते. त्यात टाळ्या नाहीत. परंतु त्या लहान कोशामुळे मोठ्या कोशातील विद्या बेताच्या ऐपतीच्या विद्यार्थ्याच्या हाती येऊ शकली.

पाळकाने हे का करावे? आम्हांस वाटते, कारण उघड आहे. मनुष्यापाशी शब्दच नसेल तर तो आपले मन उघड करणार कसे? शब्द देणे हेही वाचा देणेच आहे.

६. संपादकाचे मेज

अहमदनगरास १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनने 'ज्ञानोदय' हे पत्र सुरू केले. ज्या पत्रांनी मराठी ख्रिस्ती वाचकांस वाचावयाची सवय लाविली त्यांत त्याचे स्थान मोठे. बाबांनी काही काळ 'ज्ञानोदया'चे संपादन केले. 'सत्यदीपिका' हे पत्र त्यांनी चालविले आणि 'कुटुंबमित्र' ह्याच्याशीही त्यांचा संबंध होता. ह्या नावांकडेच पाहा. ज्ञानाचा उदय, सत्याची दिवटी, कुटुंबाचा मित्र. आणि आत्मचरित्राचे नाव 'अरुणोदय'. ज्याने एके काळी दाराआड पाव खाल्ला, त्याच्या पुढील आयुष्यात उजेडाचे शब्द पुन्हा पुन्हा येतात. दिवा लावून मापाखाली ठेवीत नाहीत, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील शिक्षण त्यांनी छापखान्यात पाळले.

संपादकाचे काम म्हणजे केवळ लिहिणे नव्हे. दुसऱ्याचे लिहिलेले वाचावे, खरेखोटे पाहावे, वाकडे वाक्य सरळ करावे, रागाचा शब्द काढून टाकावा आणि आपले नाव मागे ठेवावे, हे त्यात येते. आज आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, व त्यामुळे प्रत्येक जण न नेमलेला संपादकच झाला आहे. एखाद्या गावच्या मंडळीविषयी भलतीसलती बातमी येते आणि आपण ती न तपासता दहा जणांस पाठवितो. ज्याच्या मेजावरून शब्द पुढे जातो, तो त्या शब्दाबद्दल जबाबदार आहे. बातमी पुढे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावे : हे खरे आहे काय? हे मी माझ्या नावाने, उघडपणे, त्या मनुष्यासमक्ष सांगू शकेन काय? आणि ह्याने कोणाचे बरे होईल? ह्या तिन्हींचे उत्तर होकारार्थी नसेल, तर बोट आवरावे.

७. जे घेऊ नये ते

आपण कोणाही मनुष्याचे चरित्र वाचताना त्याची पूजा करू नये. बाबांच्या काळी धर्मासंबंधी वाद फार होत. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी व मिशनरी यांच्या जाहीर चर्चा होत आणि लोक त्या ऐकावयास जमत. त्या वेळची वादाची भाषा दोन्ही बाजूंनी कडक असे, आणि बाबांच्या काही पुस्तकांतही तो कडकपणा उतरला आहे. शेजाऱ्याचे सण, उपास व दैवते ह्यांविषयी त्यांनी लिहिले, त्यातील काही वाक्ये आज वाचताना आम्हांस संकोच वाटतो.

हे सांगण्याचे कारण असे की, 'उघड बोलणे' व 'टोचून बोलणे' ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्यासाठी धैर्य लागते. दुसऱ्यासाठी केवळ जीभ पुरते. आपण ज्या गावात राहतो तेथे आपले पाणी, बांध, बाजार व सुखदुःख शेजाऱ्यांशी बांधलेले आहे. आपण काय मानतो हे न लपविता सांगावे. परंतु शेजारी काय मानतो ह्याची थट्टा करून आपले मत मोठे होत नाही. बाबांचे धैर्य घ्यावे आणि त्या काळच्या वादाची धार त्या काळातच राहू द्यावी. 'अरुणोदया'त त्यांनी स्वतःच्या शंका व भीती जगापुढे मांडल्या आहेत. वादातल्या पुस्तकांपेक्षा ह्या कबुलीचे बळ आम्हांस अधिक वाटते. दुसऱ्याचे दोष दाखविणारा मनुष्य वाद जिंकील. स्वतःच्या अडचणी सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात.

८. बोधकांस उत्तर

२९ ऑगस्ट १९०६ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, बाबा पदमनजी प्रभूकडे गेले. त्यांच्या नावावर लहानमोठी शंभरावर पुस्तके आहेत. शिक्षक, पाळक, कादंबरीकार, कोशकार, टीकाकार, संपादक : इतक्या नावांनी त्यांस लोक ओळखतात. कोणी त्यांसही "एक ना धड" असे म्हणाले असते.

पुढच्या रविवारी आमचे बोधक पुन्हा ओट्यावर बसले. आम्ही त्यांस ही सर्व हकिकत सांगितली. मग विचारले, "भाऊ, तुमच्या घरी वाकळ आहे ना?"

ते हसून म्हणाले, "आहे की. आईने शिवलेली."

"ती कशाची केली?"

"जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांची."

"मग घरच्या माणसांस सांगा, चिंध्या भाराभर आहेत हे खरे. पण चिंध्या राहतात केव्हा आणि वाकळ होते केव्हा?"

ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "दोरा एक असला म्हणजे."

ह्याहून चांगले उत्तर आम्हांस देता आले नसते. पौलाने करिंथकरांस लिहिताना हेच सांगितले की, कृपादाने निरनिराळी व सेवाही निरनिराळ्या, परंतु त्या देणारा आत्मा एकच. बाबांच्या आयुष्यात तो दोरा कोणता, हे आपण पाहिले. म्हणून प्रश्न "मी किती कामे करतो?" असा नसावा, "ह्या सर्व कामांतून एकच दोरा जातो काय?" असा असावा. मुलास अक्षर शिकविणे, विधवेचा अर्ज लिहिणे, आजाऱ्याजवळ बसणे, खरी बातमी लिहिणे व वचन समजाविणे, ह्या सर्वांत आपण मुक्या मनुष्यास वाचा देत असू, तर ती एकच सेवा आहे. आणि एखादे काम ह्या दोऱ्यात बसत नसेल, केवळ मान मिळावा किंवा नाही म्हणता येत नाही म्हणून धरून ठेविले असेल, तर ते निश्चिंतपणे सोडावे. बाबांनीही जागा सोडल्या. सेवा सोडली नाही.

आणखी एक गोष्ट मंडळीस सांगावयाची आहे. दोरा एक असला तरी शिवणारे बोट दुखते. आमच्या बोधकांचे दुःख खोटे नव्हते. ते थकले होते. ज्या मंडळीत एकच मनुष्य अर्ज लिहितो, शिकवितो, आजारी पाहतो व प्रार्थना चालवितो, तेथे दोष त्या मनुष्याचा नाही. आता ईट येथील दोन शिकलेल्या मुली संध्याकाळची शिकवणी घेतात आणि एक तरुण अर्ज लिहिण्यास बसतो. बोधकांनी लिहिणे सोडले नाही. ह्या महिन्यात आलेली त्यांची बातमी मागच्यापेक्षा नीट लिहिलेली होती.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. निकदेम प्रथम रात्री आला व शेवटी उघडपणे आला. ह्यांपैकी कोणत्या अध्यायात आपण आज आहो?

२. लेव्यांनी वचनाचा अर्थ लोकांस समजाविला. आपल्या गावात ज्यांस वाचता येत नाही, त्यांच्यासाठी वाचणारे कोण आहे?

३. आपल्या मंडळीत ज्याचे दुःख अद्याप कोणी ऐकून घेतले नाही, असा मनुष्य कोणता? ह्या आठवड्यात त्याच्याकडे कोण जाईल?

४. गेल्या महिन्यात आपण मोबाईलवर पुढे पाठविलेल्या बातम्यांपैकी किती आपण स्वतः तपासल्या होत्या?

५. आपल्या बोधकावर पडलेल्या कामांची यादी करावी. त्यांतील कोणती दोन कामे मंडळीतील अन्य कोणी उचलू शकेल? नावे ठरवूनच सभा उठावी.

ज्याने निकदेमाला रात्रीही परत लाविले नाही, तो प्रभू आपणां सर्वांस उजेडात चालावयास धैर्य व एकमेकांचे ओझे उचलावयास प्रीती देवो.